कात्रणांच्या विटा, बंब आणि बाळंतिणीची खोली

पत्राचा सारांश: सोलापूरच्या पूर्व भागातील एका वाचकांचे हे पत्र आहे. त्यांचा छोटा छापखाना असून तो आता मुलगा चालवतो. लग्नपत्रिका, बिलबुके, हिशेबाच्या वह्या आणि थोडे बाइंडिंग अशी तिथली कामे आहेत. कटिंग मशीनखाली रोज साठणारी कात्रणे पाण्यात भिजवून, साच्यात दाबून, उन्हात वाळवून त्यांच्या विटा करण्याची युक्ती मुलाने मोबाइलवर पाहिली. गेल्या महिन्यापासून अंघोळीचा बंब या विटांवरच तापतो. आता मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली असून बाळ बारा दिवसांचे आहे, आणि पहाटेच्या गारठ्यामुळे तिच्या खाटेखाली ठेवायच्या शेगडीतही याच विटा घालाव्यात, असे घरात ठरते आहे. शेजारच्या वहिनींची तक्रार आहे की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण पडतात. वाचक विचारतात, “कागद म्हणजे शेवटी लाकूडच ना? तो जाळण्यात एवढे काय बिघडते? आणि जिल्ह्यात दगडी कोळशावर वीज तयार होते, तिथे आमच्या एका बंबाने हवेचे काय होणार?”

उत्तर:

स. न. वि. वि.

आपल्या पत्रातील सर्वांत तातडीच्या गोष्टीपासून सुरुवात करतो. बाळंतिणीच्या खोलीत या विटांची शेगडी ठेवू नका, आणि ठेवायला सुरुवात झाली असेल तर आजच रात्री थांबवा. बंबाचा विचार आपण सावकाश करू शकतो. शेगडीच्या बाबतीत मात्र वाट पाहण्यासारखे काही नाही.

त्याचे कारण धुरापेक्षाही एका न दिसणाऱ्या वायूत आहे. कोणतेही इंधन पुरेशा हवेविना, ज्वाळा न धरता, नुसते धुमसत राहिले की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोळ्यांत पाणी आणण्याचा गुणही नाही. त्यामुळे धूर कमी झाला म्हणजे धोका कमी झाला, असे मानण्याची चूक घरोघरी होते. निखारे लालबुंद झाले, धूर थांबला, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज नेमका उलट दिशेने नेणारा आहे, कारण निखाऱ्यांतून हा वायू भरपूर निघतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि एकदा चिकटला की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती तेवढी कमी होते. मोठ्या माणसाला डोके दुखणे, मळमळणे, गळून जाणे अशी काही सूचना तरी मिळते, पण बारा दिवसांच्या बाळाने ती कोणाला द्यायची? ते फार तर जास्त झोपेल, नीट दूध ओढणार नाही, आणि घरातली मंडळी म्हणतील की शेक मिळाल्यामुळे बाळ शांत झोपले आहे.

बाळाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो, तर नवजात बाळ चाळीस ते साठ वेळा. म्हणजे शरीराच्या मानाने त्याच खोलीतील हवा बाळ कितीतरी अधिक ओढून घेत असते. शिवाय जन्मानंतरचे काही आठवडे बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बरेच शिल्लक असते आणि ते कार्बन मोनॉक्साइडला मोठ्यांच्या हिमोग्लोबिनपेक्षा अधिक घट्ट धरून ठेवते. त्यात आपण लिहिता की दार लावून, खिडकीला गोधडी लावून खोली उबदार ठेवली जाते. शेगडी, बंद खिडकी आणि नवजात बाळ या तिन्ही गोष्टी एका खोलीत असू नयेत. शेगडीत कागद असो, बाभळीचा कोळसा असो की गोवरी, या बाबतीत माझे मत बदलणार नाही.

घरातील आजींचा शेकाचा आग्रह मी हसण्यावारी नेत नाही. बाळंतिणीला ऊब हवी, हे त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. फक्त ती ऊब आणण्याची साधने आता दुसरी आहेत. बाळाला टोपी, मोजे, सुती कपड्यांचे दोन थर, आणि आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून वरून दोघांवर एकच पांघरूण, ही रीत आज सरकारी रुग्णालयांतही शिकवली जाते आणि तिच्याइतकी सुरक्षित ऊब दुसरी नाही. आईच्या कमरेला शेक द्यायचा तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्यावी, मात्र ती बाळाच्या अंगाला लागू देऊ नये. अगदीच गारठा वाटला तर तेल भरलेला विजेचा हीटर काही तास लावता येतो. त्यात काहीच जळत नसल्याने खोलीच्या हवेत नवीन काही मिसळत नाही. आणि आपले सोलापूर म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाट बोचरी असते हे खरे, पण दुपारचा पारा तेव्हाही तिशीच्या आसपास असतो. दुपारी खिडक्या उघडून खोलीत ऊन घ्या आणि सूर्य मावळण्याआधी त्या लावून घ्या. भिंतींनी दिवसभर धरलेली उष्णता रात्री बराच वेळ पुरते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कागद म्हणजे लाकूडच, हे आपले विधान अर्धे खरे आहे. छपाई न झालेला, लेप नसलेला साधा कागद म्हणजे प्रामुख्याने लाकडातील किंवा उसाच्या चिपाडातील तंतू, आणि उष्णतेच्या हिशेबाने एक किलो कोरडा कागद एक किलो कोरड्या लाकडाच्या जवळपास जातो. चूल पेटवताना वर्तमानपत्राचा एखादा चुरगळलेला कागद वापरणाऱ्या कोणाही गृहिणीला मी दोष देणार नाही. पण छापखान्याच्या कटिंग मशीनखाली पडते ते सगळे साधा कागद नसते, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

लग्नपत्रिकांचा गुळगुळीत कार्ड घ्या. त्याच्या पृष्ठभागावर चिनी माती आणि चुना यांच्या जातीतील खनिजांचा लेप असतो. काही आर्ट पेपरमध्ये वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग असा न जळणारा असतो. तो उष्णता देत नाही, उलट राख वाढवतो आणि जाळीवर साचून खालून येणारी हवा अडवतो. कार्डावरचे चकचकीत लॅमिनेशन बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असते आणि सोनेरी अक्षरांची फॉइल म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवरून उतरलेला ॲल्युमिनियमचा थर. बिलबुकांच्या कार्बनलेस कागदावर रंग तयार करणाऱ्या रसायनांच्या सूक्ष्म कुप्यांचा लेप असतो. कॅश मशीनच्या पावत्यांच्या थर्मल कागदात बिसफेनॉल गटातील रसायने वापरली जातात. छपाईच्या शाईत रंगद्रव्ये, खनिज तेले आणि रेझिन असतात. पिवळ्या आणि नारिंगी छटांसाठी पूर्वी शिसे व क्रोमियम असलेली रंगद्रव्ये सर्रास वापरली जात आणि जुन्या साठ्यातील छापील कागदात ती असू शकतात. शाईबद्दलची काळजी अवास्तव नाही, हे एका साध्या गोष्टीवरून कळावे: २०१८ च्या अन्नसुरक्षा पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधून देण्यास मनाई केली आहे. भज्यांना चिकटलेली शाई पोटात जाऊ नये म्हणून एवढी काळजी घेतली जाते, तर तीच जळून फुफ्फुसात जावी, हे कसे चालेल?

मात्र या सगळ्यांत मला सर्वांत अधिक खटकते ते आपल्या बाइंडिंगच्या कामातील रेक्झीन. वह्यांच्या पाठीला लावायच्या रेक्झीनचे तुकडे कात्रणांत मिसळतात, असे आपण सहज लिहून गेला आहात. रेक्झीन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर आणि पीव्हीसीमध्ये क्लोरीन असते. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो ओलाव्याशी मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल होतो. घसा खवखवणे, डोळे चुरचुरणे हा त्याचा परिणाम तर आहेच, पण बंबाच्या तांब्यालाही ते आम्ल खाते. शिवाय क्लोरीन, काजळी आणि साधारण दोनशे ते साडेचारशे अंश सेल्सियसचे तापमान एकत्र आले की डायॉक्सिन गटातील अतिविषारी संयुगे तयार होऊ शकतात. ती चरबीत साठतात, शरीरातून वर्षानुवर्षे बाहेर पडत नाहीत आणि आईच्या दुधातून बाळापर्यंत पोहोचतात. आठ-पंधरा दिवसांच्या वापराने घरात कोणी आजारी पडेल, असे मी म्हणत नाही आणि तसे सांगून भीती घालण्याची मला इच्छाही नाही. परंतु कचरा जाळण्याच्या आधुनिक भट्ट्यांत आठशे पन्नास अंशांहून अधिक तापमान राखून, नंतर धूर झपाट्याने थंड करून आणि गाळून जी गोष्ट टाळली जाते, ती आपल्या बंबात टाळण्याची कोणतीच सोय नाही.

बंबाच्या रचनेकडेही थोडे बघायला हवे, कारण बिघाडाचा मोठा भाग तिथेच आहे. मधल्या नळीत आग आणि भोवती पाणी ही रचना पाणी तापवण्यासाठी उत्तम आहे. पण पाण्यामुळे नळीची भिंत कधीही शंभर अंशांच्या फार वर जात नाही. ज्वाळा त्या थंड भिंतीला लागताच विझते आणि अर्धवट जळालेले वायू काजळी व डांबरट चिकटा होऊन तिथेच बसतात किंवा तसेच बाहेर पडतात. वाळलेल्या लाकडाच्या ढलप्या घातल्या तर त्यांच्यामधून हवा खेळते आणि निदान अर्धा वेळ तरी आग ज्वाळेने जळते. दाबलेल्या कागदाच्या विटेत हवेला शिरायला जागाच नसते. ती बाहेरून काळी पडते आणि आतून तासभर धुमसत राहते. तिचा गाभा ओला असेल तर विचारूच नका: हाताला वरून खडखडीत लागणारी वीट आतून दमट असू शकते आणि तेवढ्या पाण्याची वाफ करण्यातच उष्णता खर्च होते. वीट फोडून सुटे कागद घातले तर दुसरीच अडचण. ते भसकन पेटतात आणि जळते पापुद्रे नळीतून उडून बाहेर पडतात. शेजारच्या वहिनींच्या कपड्यांवरचे काळे कण हेच आहेत आणि त्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. ज्या भागात घरोघरी सुताची बाचकी आणि टॉवेल-चादरींचे गठ्ठे पडलेले असतात, तिथे असा एखादा जळता पापुद्रा केवळ कपडे काळे करून थांबेल, याची खात्री कोण देणार?

या धुरातील सूक्ष्म कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याचे असल्याने नाक आणि घसा त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुफ्फुसांच्या टोकापर्यंत जातात. दमा, श्वासनलिकांचा जुनाट दाह, हृदयविकार आणि लहान मुलांमधील न्यूमोनिया यांच्याशी त्यांचा संबंध प्रस्थापित झालेला आहे. भारतीय मानकानुसार चोवीस तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे. बंद न्हाणीघरात धुमसणाऱ्या बंबाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाशी या आकड्यांच्या कित्येक पट धूर असतो. अर्धवट जळालेल्या कागद-लाकडाच्या धुरात बेन्झोपायरीनसारखी, कर्करोगास कारणीभूत म्हणून नोंदली गेलेली संयुगेही असतात.

आता वीज केंद्राचा आपला मुद्दा. तो अनेकांच्या मनात असतो म्हणून सविस्तर उत्तर देतो. फताटेवाडीचे औष्णिक केंद्र दिवसाला जेवढा कोळसा जाळते त्यापुढे आपला बंब खिजगणतीतही नाही, आणि त्या केंद्राकडून नियमांचे काटेकोर पालन व्हावे, ही मागणी सोलापूरकरांनी करत राहिलीच पाहिजे. पण श्वासाचा हिशेब टनांत होत नाही. तिथली राख पकडायला विद्युत-स्थितिक यंत्रणा असते, चिमणी उंच असते, आणि धूर माणसापर्यंत येईतो पुष्कळ विरळ होतो. आपल्या बंबाचा धूर पाच-सहा फुटांवर, बोळात, सकाळी सहा ते आठ या वेळेत सुटतो. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्या मानाने गरम असल्याने धूर वर चढत नाही. एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या बोळात तो तसाच तरंगत राहतो. म्हणून एक किलो इंधनामागे माणसाच्या फुफ्फुसात पोहोचणारा वाटा बंबाचा कितीतरी मोठा असतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूरचे नाव हवेची मानके न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत आहे, आणि अशा शहराच्या हवेत रस्त्याची धूळ व वाहने यांच्याबरोबर हे छोटे-छोटे धूरही धरावेच लागतात.

कायद्याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी छापखान्याचे मालक म्हणून एक गोष्ट ठाऊक असावी. कात्रणांचा ढीग मागच्या मोकळ्या जागेत पेटवून देण्याची सवय काही कारखान्यांत अजून आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली आहे. घरचा बंब आणि हा ढीग एकच नव्हेत, पण धंद्याचा कचरा घरात आणून जाळणे ही काही अभिमानाने सांगण्यासारखी पळवाट नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. माझ्या मते विटांची ही युक्ती सर्वांत कच्ची ठरते ती इथेच. दोन बादल्या, म्हणजे सुमारे ४० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत न्यायला जवळपास ४,२०० किलोज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत सव्वा युनिटच्या आसपास. एक किलो कोरड्या कागदात साधारण १५,००० किलोज्यूल असतात, पण बंबात त्यांपैकी तिसरा हिस्सा पाण्यात उतरला तरी खूप म्हणायचे. म्हणजे दोन बादल्यांसाठी पाऊण ते एक किलो कात्रणे गेली. आता आपल्या वीजबिलातील युनिटचा दर आणि रद्दीवाल्याचा भाव शेजारी-शेजारी लिहून पाहा. त्यातही छपाई न झालेली पांढरी कात्रणे रद्दीच्या बाजारात वर्तमानपत्रापेक्षा चढ्या भावाने जातात, कारण कागद गिरण्यांना त्यांतून शाई काढावी लागत नाही. भिजवणे, दाबणे, वाळत घालणे, पुन्हा उचलणे यांत घरातील कोणाचे तरी, आणि बहुधा बाईमाणसाचेच, दिवसाकाठी जे तास जातात ते मी हिशेबात धरलेलेही नाहीत.

तेव्हा कटिंग मशीनजवळ दोन पोती ठेवा: एकात पांढरी व साधी कात्रणे, दुसऱ्यात रंगीत व छापील. ही दोन्ही रद्दीवाल्याकडे जातील. लॅमिनेशन, फॉइल, थर्मल पावत्या आणि रेक्झीन यांची तिसरी पिशवी सुक्या कचऱ्याबरोबर घंटागाडीत द्या. ती कधीही आगीत जाऊ नये. गिऱ्हाइकांची नावे-पत्ते असलेली खराब बिले कोणाच्या हाती पडू नयेत, म्हणून आपण ती जाळता असे दिसते. फाडून रात्रभर पाण्यात भिजवून कालवली की त्यांवरचे काही वाचता येत नाही. तो लगदाही सुक्या कचऱ्यात देता येतो.

पाणी तापवण्यासाठी सोलापूरकराने सूर्याशिवाय दुसरीकडे पाहावे, हेच मुळात नवल आहे. गच्ची आपल्या मालकीची असेल तर शंभर लिटरचा सौर बंब बसवण्याचा विचार या वर्षी कराच. आपल्याकडे ढगाळ दिवस मोजकेच, आणि त्या दिवसांपुरता विजेचा किंवा गॅसचा आधार घेता येतो. गॅसचा गिझर घेतलात तर तो न्हाणीघराच्या आत बसवू नका, कारण वर सांगितलेला वायू त्यातूनही निघतो. सौर बंब बसेपर्यंत तांब्याचाच बंब वापरायचा असेल तर तो न्हाणीघरातून उचलून अंगणात, मोकळ्या हवेत ठेवा. पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या बारीक ढलप्या थोड्या-थोड्या घाला, जाळीवरची राख रोज काढा, नळीचे तोंड झाकणाने पुरते बंद करू नका, आणि पेटवायला प्लास्टिकची पिशवी वापरू नका. लाकडाचा धूरही निरुपद्रवी नाही, तरी रेक्झीन आणि लॅमिनेशन मिसळलेल्या विटेपेक्षा तो परवडला.

विटांची आजवरची राख कुठे गेली, हे पत्रात नाही. आपल्याकडे चुलीची राख भांडी घासायला, तुळशीला घालायला, काही घरांत दात घासायलाही वापरतात. लाकडाच्या राखेची ती सवय या राखेला लावू नका; शाईतील धातू जळून नाहीसे होत नाहीत, ते राखेतच गोळा होतात. ओल्या फडक्याने राख गोळा करून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, आणि हे काम बाळाच्या खोलीपासून लांब करा.

तयार होऊन पडलेल्या विटांचे काय करावे, हा आपला शेवटचा प्रश्न. ज्या केवळ कोऱ्या कात्रणांच्या आहेत त्या पुन्हा भिजवून, कुस्करून, ओल्या कचऱ्याच्या खतात थोड्या-थोड्या मिसळता येतील. भाजीपाल्याच्या ओलसरपणाला कोरड्या कागदी तंतूंची जोड चांगली असते. बाकीच्या विटा रद्दीवाला घेणार नाही. त्या पोत्यात भरून घंटागाडीच्या सुक्या भागात टाका, आणि विटांचा साचा मुलाने कोणा मित्राला देऊ केला असेल तर त्याच्यासोबत हे पत्रही द्या.

कळावे.